कोऱ्या लेबलांवरच्या सह्या

२००६ चा पावसाळा. मी तेव्हा ठाण्यात एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. संध्याकाळी टेबल आवरत असताना साहेबांनी बोलावून सांगितलं, पोलीस आलेत, पंच म्हणून दोन माणसं हवीत, तुम्ही दोघं जा. नाही म्हणायची सोय नव्हती. स्टेशनच्या पश्चिमेला एका लॉजच्या जिन्याखाली पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक मुलगा उभा होता आणि त्याच्या पायाशी रेक्झिनची बॅग होती. बॅगेत खाकी चिकटपट्टीत गच्च गुंडाळलेल्या चार लाद्या. चरस आहे, असं आम्हाला सांगितलं गेलं. समोरच्या वाण्याकडून तराजू आणून लाद्या चिकटपट्टीसकट तोलल्या. एक किलो साठ ग्रॅम. पाऊस वाढला तसं सगळं पोलीस ठाण्यात हलवलं. तिथे बाकावर बसवून आमच्यापुढे लेबलांचा गठ्ठा ठेवला. कोरी लेबलं. "सह्या करून ठेवा, मजकूर आम्ही भरतो, तुम्हाला गाडी गाठायची असेल." मला खरंच गाडी गाठायची होती. मी बारा-चौदा सह्या केल्या आणि घरी गेलो. लाद्या सील होताना मी पाहिल्या नाहीत. नमुने काढताना तर नाहीच नाही.

तो मुलगा त्यानंतर सात वर्षं तुरुंगात होता.

दोन वर्षांनी मला समन्स आलं. उलटतपासणीत वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "सही केली तेव्हा लेबलावर काही लिहिलेलं होतं का?" मी म्हणालो, नव्हतं. सरकारी वकील उठले आणि मला फितूर जाहीर करण्याची परवानगी त्यांनी मागितली. फितूर हा आपल्या भाषेतला साधा शब्द नाही. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणाऱ्याला आपण फितूर म्हणत आलो. शपथेवर खरं सांगितलं म्हणून तो शब्द माझ्या नावापुढे लागला, आणि आजही तो मला टोचतो. पोलिसांच्या साक्षीवर त्या मुलाला दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड झाला. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचं अपील मंजूर केलं. निकालपत्राची प्रत बचाव पक्षाच्या वकिलांनी मला दाखवली. चिकटपट्टीशिवाय वजन झालंच नव्हतं. सील कोणाकडे होतं याची नोंद नव्हती. नमुने प्रयोगशाळेत नेणाऱ्या हवालदाराला साक्षीला बोलावलं नव्हतं. मधले नऊ दिवस पाकिटं कुठे होती, हे सांगणारं रजिस्टर कोर्टापुढे आलंच नव्हतं.

हे सगळं आज लिहायचं कारण आमच्या मजल्यावरच्या वहिनी. मी आता ऐरोलीत राहतो. वहिनींचा मुलगा एकवीस वर्षांचा आहे आणि तीन वर्षं एम.डी. या अमली पदार्थाच्या नादात आहे. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला. घरातला भरलेला गॅस सिलिंडर विकला, आईचा कुकर विकला. गेल्या महिन्यात अशाच एका खटल्यातला आरोपी अपिलात सुटल्याची बातमी वाचून वहिनी तणतणत आल्या. "भाऊजी, वजन चुकलं, सील चुकलं म्हणून सोडतात म्हणे. माझ्या घरात जे शिरलं त्याचं वजन कोणी केलं?"

या प्रश्नाला कायद्याची कलमं वाचून दाखवणं हे उत्तर नव्हे. तिथे मी गप्प राहिलो. पण सही करणारा हात माझा होता, त्यामुळे उत्तर मलाच द्यायला हवं.

पुराव्याच्या मुद्द्यावर अपिलात सुटणं म्हणजे पळवाट, असं आपण सहज म्हणतो. अमली पदार्थांच्या खटल्यात पुरावा म्हणजे नेमकं काय असतं, ते आधी बघू. खुनात प्रेत असतं आणि मेलेल्याची माणसं असतात. चोरीत फिर्यादी असतो, त्याला आपली वस्तू ओळखता येते. इथे विकणारा बोलत नाही आणि घेणाराही बोलत नाही. बातमी पोलिसांना मिळते, छापा पोलीस घालतात, फिर्याद पोलीस देतात, तपास पोलीस करतात आणि साक्षही बहुधा पोलीसच देतात. पोलिसांपलीकडचा साक्षीदार एकच, ती पुडी. ती मुकी असते. खिशातून निघाल्यापासून कालिन्याच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर पोचेपर्यंत ती कोणाच्या हातात होती, कोणत्या कपाटात होती, तिच्यावरची लाख कोणी लावली, हेच तिचं बोलणं. ते बोलणं तुटलं तर प्रयोगशाळेच्या अहवालाला अर्थ उरत नाही. अहवाल एवढंच सांगतो की आलेली भुकटी अमुक आहे. ती या माणसाकडची आहे, हे तो सांगू शकत नाही.

म्हणून लाखेवरची मोहोर ही निव्वळ औपचारिकता नसते. पितळी शिक्का सील केल्यावर छापा घालणाऱ्या अधिकाऱ्याच्याच खिशात राहिला, तर पाकीट केव्हाही उघडून पुन्हा बंद करता येतं. त्याने तसं केलं असा आरोप कोणी करत नाही. तसं करता येणार नाही अशी व्यवस्था होती का, एवढंच अपील विचारतं. मुद्देमाल खोलीच्या रजिस्टरात पाकीट किती वाजता आत आलं, कोणत्या दिवशी बाहेर गेलं, कोणत्या हवालदाराने नेलं, याच्या दोन-तीन ओळी असतात. प्रयोगशाळेच्या पोचपावतीवर, सील शाबूत आणि पाठवलेल्या ठशाबरहुकूम, अशी एक ओळ असते. या चार-पाच ओळी एकमेकींशी जुळल्या की माणूस दहा वर्षं आत जातो. त्या जुळत नसतील, तर त्याला कशाच्या जोरावर आत ठेवायचं?

वजनाचंही तसंच आहे. मेफेड्रोन म्हणजे एम.डी. २०१५ च्या फेब्रुवारीत अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. दोन ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, पन्नास ग्रॅमच्या वर व्यापारी मात्रा. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष शिक्षा आहे. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत. पन्नासच्या वर गेलं की कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस, आणि लाख ते दोन लाख दंड. शिवाय कलम ३७ लागू होतं, म्हणजे आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी खात्री न्यायाधीशांना पटल्याशिवाय जामीनही नाही. आता एकावन्न ग्रॅमची पुडी धरा, प्लास्टिकच्या पिशवीसकट तोललेली. पिशवी किती ग्रॅमची होती, हा प्रश्न क्षुल्लक आहे असं कोण म्हणेल? गांजाच्या गोणीतही हेच होतं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याची जोड नसेल तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. व्यापारी मात्रा वीस किलोंच्या वर सुरू होते. पण गोणी ओतून, फुलोरा वेगळा करून तोलायला वेळ आणि चिकाटी लागते, म्हणून अख्खी गोणीच काट्यावर चढते. भेसळीची भुकटी असेल तर सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. ते ठीक. पण प्लास्टिक आणि चिकटपट्टी मिश्रणात येत नाहीत.

'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' हा आपल्याकडच्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक आहे. त्याच्या कलम ३५ आणि ५४ नुसार ताबा सिद्ध झाला की आरोपीच्या मनात काय होतं ते कोर्ट गृहीत धरतं. आपण निर्दोष आहोत हे मग त्याने दाखवायचं. व्यापारी मात्रेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी पोलिसांना एकशे ऐंशी दिवस मिळतात, आणि ते वाढवून वर्षापर्यंत नेता येतात. एवढं वजन एका पारड्यात घातल्यावर कायद्याने दुसऱ्या पारड्यात फार थोडं ठेवलंय. बातमी लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवा. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर घेण्याचा तुझा हक्क आहे, हे त्या माणसाला सांगा. अटकेचा आणि जप्तीचा अहवाल अठ्ठेचाळीस तासांत वर पाठवा. नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर काढा. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने झडतीच्या हक्काबद्दल हेच बजावलं होतं, की शिक्षा जितकी कठोर तितकी प्रक्रिया काटेकोर हवी, आणि तपास यंत्रणेच्या बेकायदा वागण्याकडे कोर्टाने डोळेझाक केली तर न्यायावरचाच विश्वास डळमळतो.

२०१४ सालचा एक निकाल मला फार बोलका वाटतो. खटला राजस्थानातला, दोघं आरोपी, अफूची बॅग. बॅगेबरोबर अंगझडतीही झाली, म्हणून हक्क समजावणं आलंच, असं त्या निकालाने धरलं. अधिकाऱ्यांनी दोघांना मिळून एकच नोटीस दिली, आणि एकाने दोघांच्या वतीने सही केली. शिवाय त्यांना तिसरा पर्याय दिला होता, छापा घालणाऱ्या पथकातल्याच अधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हक्क ज्याचा त्याला वेगळा सांगायला हवा, आणि हा तिसरा पर्याय कायद्यात नाहीच. हे वाचताना मला पोलीस ठाण्यातला तो बाक आठवला. दुसऱ्याच्या वतीने सही, मजकुराच्या आधी सही. घाई तीच.

पळवाटीचा आरोप करणाऱ्यांनी न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत किती दरवाजे बंद केलेत तेही बघावं. फिर्याद देणारा आणि तपास करणारा अधिकारी एकच असेल तर खटला आपोआप पडतो, असा निकाल २०१८ मध्ये आला होता. २०२० मध्ये घटनापीठाने तो फिरवला. अंगझडतीचा हक्क फक्त अंगापुरता आहे, हातातल्या बॅगेला तो लागू नाही, हे २०२३ मध्ये पुन्हा ठाम झालं. जागेवरच नमुने काढले म्हणून २०२३ मध्ये काही शिक्षा रद्द झाल्या. पण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नमुन्यांबाबतच्या कलम ५२अ ची प्रक्रिया चुकली एवढ्यावरच कोणी सुटणार नाही, सगळा पुरावा एकत्र बघून खरी शंका उरते का ते तपासायचं. हे मला पटतं. चूक झाली की सुटका, असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. चुकीमुळे ही पुडी तीच का, या प्रश्नाचं उत्तर देता येईनासं झालं, तर तिथे शिक्षा म्हणजे अंदाज आहे. आणि अंदाजावर कोणाची दहा वर्षं घ्यायला आपल्याला अधिकार नाही.

एक दरवाजा मात्र उघडला, तोही आपल्या बंदराशी जवळचा संबंध असलेला. न्हावा-शेवाला कंटेनरमधून हेरॉइन येतं. जुलै २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने तिथे सुमारे तीनशे किलो पकडलं. अशा यंत्रणा वर्षानुवर्षं कलम ६७ खाली आरोपीचा जबाब घेत, आणि तो कबुलीजबाब म्हणून कोर्टात चालत असे. ऑक्टोबर २०२० च्या तोफान सिंग निकालाने ते थांबलं. हे अधिकारीही कायद्याच्या दृष्टीने पोलीसच, त्यामुळे त्यांच्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालणार नाही. कोठडीतल्या कागदावर विसंबण्यापेक्षा कंटेनरच्या सीलची, कागदपत्रांची, पैशाच्या वाटेची साखळी जोडणं कष्टाचं आहे. पण मोठा मासा त्याच जाळ्यात सापडतो. कबुलीजबाबात सापडतो तो बहुतेक वेळा गोणी उचलणारा.

मोठ्या आकड्यांच्या बातम्यांचंही असंच होतं. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून इफेड्रिनचा प्रचंड साठा जप्त केला. देशभर गाजावाजा झाला. त्यात आरोपी केलेल्या एका अभिनेत्रीवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने पुरेसा पुरावा नसल्याने २०२४ मध्ये रद्द केला. मधली आठ वर्षं ते नाव बातम्यांत होतं. टेबलावर मांडलेल्या पाकिटांमागे उभं राहून काढलेल्या फोटोने पुरावा होत नाही, तो रजिस्टरातल्या त्या कंटाळवाण्या ओळींतच असतो.

आता वहिनींच्या रागाकडे येतो, कारण तो खरा आहे. त्यांच्या मुलाला एम.डी. विकणारा माणूस सुटला तर माझाही जीव जळेल. पण तो सुटला तर कोणामुळे सुटला? सील न लावणाऱ्यामुळे, कोऱ्या लेबलांवर सह्या घेणाऱ्यामुळे, आणि सह्या करणाऱ्या माझ्यासारख्यामुळे. अपिलाचे न्यायमूर्ती सगळ्यात शेवटी येतात, पोलीस ठाण्याच्या बाकावर सहा-सात वर्षांपूर्वी जे घडलं ते फक्त वाचतात. राग चुकीच्या दाराशी जातोय. उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात चुका पानापानावर लिहिलेल्या असतात. ते पान त्या पोलीस ठाण्यात जातं का? त्या अधिकाऱ्यापुढे कोणी ठेवतं का? जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की आरोपी सुटलेल्या प्रत्येक खटल्याची कारणं तपासा, तपासातल्या चुका नोंदवा, त्यावरून प्रशिक्षण द्या, आणि निष्काळजीपणा दिसला तर जबाबदारी ठरवा. आपल्या आमदारांनी, नगरसेवकांनी, सोसायट्यांच्या व्यसनविरोधी फेऱ्यांनी हे मागायला हवं. फाशी द्या असा फलक धरणं सोपं आहे. कायद्यातल्या सक्तीच्या फाशीची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्येच अवैध ठरवली, आणि तीन वर्षांनी संसदेने ती कलमातूनच काढली. सक्तीची फाशी असतानाही चरस विकलाच जात होता. सील नीट लावलं असतं तर काही फरक पडला असता.

आणखी एक गोष्ट मी वहिनींना अडखळत सांगितली. हा पोरगा उद्या कोणाची पिशवी पोचवायला गेला, दोन मित्रांबरोबर पकडला गेला, आणि तिघांच्या खिशातलं एकत्र करून तोललं, तर? अल्प मात्रेत पकडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घ्यायचं ठरवलं तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून वाचवू शकतं. तिघांचं एकत्र वजन मधल्या मात्रेत गेलं की ती वाट बंद. विक्रेत्याचा पंचनामा ढिला लिहिणारा हात त्यांच्या मुलाचा पंचनामाही ढिलाच लिहील. वहिनी काही बोलल्या नाहीत. चहाचा कप तसाच ठेवून गेल्या.

अपिलाची खरी शोकांतिका सुटण्यात नाही, उशिरात आहे. शिक्षा लागल्यापासून साठ दिवसांत उच्च न्यायालयात अपील करायचं. ज्याच्याकडे वकिलाला पैसे नाहीत तो तुरुंग अधीक्षकांमार्फत अर्ज देतो आणि विधी सेवा समिती वकील नेमते. मग कागदपत्रं मागवणं, त्यांची बांधणी, नंबर लागणं. शिक्षा स्थगित करण्याचा कोर्टाचा अधिकार कायद्यातल्या एका कलमाने काढून घेतला होता. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो परत दिला. पण व्यापारी मात्रेत स्थगितीसाठीही कलम ३७ ची भिंत ओलांडावी लागते. त्यामुळे माणूस सुटतो तोवर शिक्षा जवळजवळ संपलेली असते. ज्या मुलाच्या लेबलांवर माझ्या सह्या होत्या तो निर्दोष होता, असं मी म्हणत नाही. तो दोषी होता असं म्हणण्याचा अधिकार आम्ही सगळ्यांनी मिळून घालवला, आणि त्याची सात वर्षंही घालवली. ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातल्या तुरुंगाच्या भिंतीवरून मी वर्षानुवर्षं कोर्ट नाक्याकडे चालत गेलोय. ती भिंत दिसली की अजूनही हिशेब सुरू होतो.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०५ नुसार झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, मोबाइलवर चालेल. आणि त्यात जप्तीची यादी तयार करणं आणि साक्षीदारांनी तिच्यावर सह्या करणं हेही आलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. माझी संध्याकाळ कोणीतरी कलमात लिहून ठेवली होती. हे चित्रीकरण विलंब न करता दंडाधिकाऱ्याकडे जायला हवं. डिसेंबर २०२२ च्या नियमांनी नमुने दंडाधिकाऱ्यासमोरच काढायचं ठरवलं आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही आयुक्तालयांनी एवढं दोन वर्षं कसोशीने पाळलं, प्रत्येक पथकाला पिशवीशिवाय वजन करता येईल असा काटा दिला, तेच ते सराईत पंच उभे करणं थांबवलं, तर अपिलात सुटणाऱ्यांची संख्या वकिलांना न हटवता कमी होईल. आणि जे सुटतील ते खरोखर सुटायला हवे होते, असं वहिनींनाही डोळ्यांत डोळे घालून सांगता येईल.

गेल्या डिसेंबरात पुतण्याचा फोन आला. तोही सरकारी नोकरीत, वाशीला. "काका, पंच म्हणून बोलावलंय, जाऊ का?" म्हटलं, जा, ते आपलं काम आहे. पण पिशवी बाजूला काढून वजन बघ. लाख ओतताना उभा राहा. कोऱ्या कागदावर पेन टेकवू नको. सील कोणाकडे दिलं ते पंचनाम्यात आल्याशिवाय उठू नको. रात्री उशिरा त्याने परत फोन केला. उपनिरीक्षक आधी वैतागले, मग म्हणाले, बसा, चहा घ्या, वेळ लागेल. त्यांनीच मोबाइल स्टँडवर लावला. लेबलं भरून झाल्यावर पुतण्याने सह्या केल्या आणि प्रत्येक सहीखाली वेळ लिहिली, ११ वाजून ४० मिनिटं.